शिक्का नेस्टोरियसचा, माथी कल्याणकरांच्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कल्याणच्या प्राचीन बंदरावरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस ‘कल्लियाना’त इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून गेला आहे. (कल्लियाना म्हणजे कोल्लम, असेही काही अभ्यासक म्हणतात, कल्याणकर म्हणून मी तिकडे कानाडोळा करतो.) खटकले एवढेच की, लेखकाने तिथल्या ख्रिश्चन मंडळींना ‘नेस्टोरियसने काढलेल्या पाखंडी पंथाचे’ ठरवून टाकले.

नेस्टोरियस ४२८ मध्ये पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीचा, कॉन्स्टॅन्टिनोपलचा (आजचे इस्तंबूल) पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्मगुरू झाला. त्याने भर प्रवचनात सम्राटाला सांगितले, पाखंड्यांपासून मोकळी केलेली भूमी मला द्या, मी तुम्हाला स्वर्ग देतो. पाचव्याच दिवशी तो, ख्रिस्ताला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन पंथीयांचे प्रार्थनास्थळ पाडायला निघाला. त्यांनी हताश होऊन ते स्वतःच पेटवले, आग शेजारपाजारी पसरली आणि नव्या धर्मगुरूला नाव पडले ‘आगलाव्या’. त्याच्याच पंथातले लोकही त्याला या नावाने ओळखत.

पुढे येशूची आई मेरी हिला ‘देवमाता’ म्हणावे की ‘ख्रिस्तमाता’, यावरून वाद पेटला. नेस्टोरियसचा कल ‘ख्रिस्तमाते’कडे. ४३१ मध्ये एफिससला (आजच्या तुर्कस्तानात) बिशपांची परिषद भरली. नेस्टोरियसच्या बाजूचे अँटिओककडचे बिशप वाटेत असतानाच अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू सिरिल याने २२ जूनला कामकाज उरकून नेस्टोरियसला पदच्युत केले. उशिरा पोचलेल्यांनी वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत केले! सम्राटाने आधी दोन्ही निकाल मान्य केले. शेवटी सिरिल गादीवर परतला, नेस्टोरियस मठात. ४३५ मध्ये त्याचे ग्रंथ जाळायचा हुकूम निघाला. इजिप्तच्या वाळवंटात हद्दपारीत असताना लुटारूंनीही त्याला धरून नेले होते.

त्याची बाजू सांगणारा ग्रंथ सिरियाक या प्राचीन भाषेतल्या भाषांतरात टिकला आणि १९१० मध्ये छापून आला. मूळ ग्रीक नावातल्या शब्दाचे अर्थ दोन, प्रबंध आणि व्यापार. भाषांतरकाराने व्यापार धरला, म्हणून बिचाऱ्याच्या ग्रंथाला आजही ‘बाजार’ म्हणतात.

इराणातले ख्रिश्चन त्याला पूज्य मानत, हे खरे. पण त्यांचे चर्च त्याच्या आधीपासूनचे, आणि तो कधीच त्याचा प्रमुख नव्हता. ‘नेस्टोरियन’ हा शिक्का विरोधकांनी मारलेला. १९९४ मध्ये पोप आणि या चर्चचे पॅट्रिआर्क यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या करून मेरीबद्दलची दोन्ही संबोधने योग्य ठरवली. तेव्हा ‘पाखंडी’ हा शब्द आपणही मागे घ्यावा आणि या चर्चला ‘पूर्वेचे चर्च’ म्हणावे. तेच त्यांचे स्वतःचे नाव आहे.

– एक वाचक, कल्याण