दारूचा विषय काढण्याआधी माझ्या भावाला तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाचा क्षयरोगावरील उपचार पूर्ण झाला असून त्याची दारूही सध्या बंद आहे. आपल्या आरोग्य केंद्रात येऊन आम्ही आपले आभार मानलेच. परंतु घरात व्यसनी किंवा मनोरुग्ण माणूस असल्यामुळे दवाखान्याची पायरी चढायला कचरणारी कितीतरी कुटुंबे नागपुरात आहेत आणि त्यांनीही हे वाचावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी भावाने खोकला बरेच दिवस अंगावर काढला होता. वजन उतरले होते, संध्याकाळी अंग तापायचे. आम्ही त्याला कुठे दाखवले नव्हते असे नाही. पण तोंडाला दारूचा वास आला आणि जुन्या कागदांत नैराश्याच्या गोळ्यांची नोंद दिसली की तपासणी तिथेच थांबायची. "आधी दारू सोड, मग ये," एवढेच ऐकून परतावे लागे. एका ठिकाणी तर भरल्या रांगेसमोर त्याला बेवडा म्हटले गेले आणि त्यानंतर तो दवाखान्याचे नावही काढू देईना. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी, हे सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर लिहिलेले असते आणि दारू पिणाऱ्यांना क्षयाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. म्हणजे ज्या कारणासाठी त्याची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी होती, नेमक्या त्याच कारणावरून ती टाळली जात होती.

आपण "बसा भाऊ" म्हणालात. शर्ट वर करायला सांगून पाठीला वरपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंनी नळी लावून पाहिलीत, थुंकीच्या तपासणीचा कागद लिहिलात आणि मगच दार लोटून घेऊन दारूचा विषय काढलात. रोज किती लागते, सकाळी उठल्याउठल्या लागते का, न घेतल्यास हात थरथरतात का, कधी झटका आला आहे का, हे सारे आपण खोकल्याची चौकशी ज्या सुरात केलीत त्याच सुरात विचारलेत. जगणे नकोसे होते का, हेही सरळ विचारलेत. मी दचकले होते. पण असे विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट माणूस बोलता होतो, हे आपण मला नंतर समजावून सांगितलेत. भावाने त्या दिवशी तंबाखूच्या खर्ऱ्यासकट सगळे खरे सांगितले. घरी आम्हाला त्याने इतके कधीच सांगितले नव्हते.

थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. या औषधांचा यकृतावर ताण पडतो आणि त्यात दारूची भर पडली तर धोका वाढतो, म्हणून आपण यकृताची रक्ततपासणी करून घेतलीत. मात्र दारू सुटेपर्यंत उपचार अडवून ठेवला नाहीत. त्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडावी, असा नातेवाइकांचा आग्रह होता. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते, हे सांगून आपण तो बेत थांबवलात आणि मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मनोविकार विभागासाठी चिठ्ठी दिलीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णासारखीच वागणूक आणि गोपनीयता मिळण्याचा हक्क दिला आहे आणि दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही त्या कायद्याच्या कक्षेत येतात. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दारूच्या व्यसनाने आजारी असलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ८६ जण उपचारांपासून दूर होते. डॉक्टर आणि औषधे कमी आहेत, हे त्याचे एक कारण आहेच. पण नोंदणीच्या खिडकीवर होणारा अपमान हेही कारण आहे, असे मला ठामपणे वाटते, कारण माझा भाऊ त्याच कारणाने घरी बसला होता.

आपल्या केंद्रातील सिस्टर आणि औषधांच्या खिडकीवरचे दादा त्याला नावाने हाक मारत. एकदा तो पिऊन आला, तेव्हाही त्यांनी गोळ्या हातात ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. आशाताई घरी यायच्या तेव्हा शेजाऱ्यांना काही कळणार नाही याची काळजी घेत. या सर्वांचेही मनापासून आभार.

आमच्या वस्तीतील एका काकूंना त्यांच्या मुलाला दाखवायचे आहे. तो बरेच महिने घराबाहेर पडलेला नाही. त्यांना १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक दिला आहे आणि आपल्याकडे यायलाही सांगितले आहे. सोबत मी येईन.

आपली नम्र,
आपल्या एका रुग्णाची मोठी बहीण
नागपूर