आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: औषध आहे, परवानगी नाही

मा. आरोग्यमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

परवा तुमच्या खात्याचं उत्तर आलं. ‘आपले प्रकरण विचाराधीन आहे.’ मागचं उत्तरही शब्दशः हेच होतं, फक्त जावक क्रमांक बदललाय. म्हणून आता तुम्हालाच लिहितो आहे, आणि सगळ्यांसमोर.

माझ्या धाकट्या बहिणीला स्नायूंचा दुर्मिळ आजार आहे. त्यावरचं औषध अमेरिकेत आणि युरोपात मान्य झालंय. ते आजार बरा करत नाही, थोपवतं. एकदा गेलेली ताकद परत येत नाही, त्यामुळे उशिराचा प्रत्येक महिना तिच्या अंगातून वजा होतो. इथे परवानगी नसल्यानं स्वतःपुरतं मागवायचं तर फॉर्म १२-अ भरायचा आणि १२-ब परवान्याची वाट बघत बसायचं. पहिल्या अर्जावर तिची सही आहे, वळणदार, शाळेपासूनची. आता नव्यानं अर्ज करायला लावलात तेव्हा पेन बोटांत ठरेना. मी तिचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबून धरला. एम.ए. झालेली मुलगी आहे ती, साहेब. आई उठून आतल्या खोलीत गेली.

केंद्रीय औषध नियंत्रकांच्या ७ ऑगस्ट २०२४ च्या आदेशानं केवढी आशा लावली होती! अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघात मान्य झालेलं औषध दुर्मिळ आजारावरचं असेल, तर भारतात पुन्हा चाचणी घेण्याची अट माफ होऊ शकेल, असं त्यात होतं. आम्हा रुग्णांच्या घरच्यांनी तो कागद एकमेकांना पुन्हा पुन्हा पाठवला. पुढे काय झालं? अधिकारी म्हणतात, कंपनीच अर्ज करत नाही. कंपनी म्हणते, एवढ्याशा रुग्णांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. नव्या औषधांच्या २०१९ च्या नियमांत निर्णयाला ९० कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे, पण त्रुटी काढली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मुदती पाळायच्या त्या आम्हीच.

तपासणी नको असं मी म्हणत नाही. गरोदर बायकांना दिलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे जगभरात दहा हजारांवर बाळं व्यंग घेऊन जन्मली. अमेरिका बरीचशी वाचली, कारण तिथल्या औषध खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी कंपनीच्या दबावाला भीक घातली नाही. पण त्यांनी फाइल दाबून ठेवली नव्हती. पुरावा कुठे कमी पडतोय ते त्या दर वेळी कंपनीला कळवत राहिल्या. आम्हाला आजवर एक कारण कुणी दिलेलं नाही.

आणि कडकपणा असेल तर तो सगळीकडे दिसू दे. संसदेच्या स्थायी समितीनंच २०१२ मध्ये दाखवून दिलं की जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात ३१ नवी औषधं भारतीय रुग्णांवर चाचणी न घेताच मंजूर झाली. २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपनं वीसहून अधिक लेकरांचा जीव घेतला. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं, हे मुलं दगावल्यावर समजलं. विषारी बाटली दुकानापर्यंत बिनबोभाट पोचते आणि अमेरिकेत आणि युरोपात पारखलेलं औषध माझ्या बहिणीपर्यंत पोचत नाही, याला कुठल्या तोंडानं सुरक्षितता म्हणायचं? एका लिपिकानं मला सरळ सांगितलं, ‘कुणाची तरी चिठ्ठी आणा.’ औषध असो, पेन्शन असो की सातबारा, ज्याची ओळख त्याची फाइल हलते. बाकीच्यांनी खिडकीपाशी उभं राहायचं आणि जेवणाची सुट्टी झाली की परत फिरायचं. कर मात्र आम्ही वेळेवर भरायचा!

प्रत्येक अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते लोकांना दिसू द्या. त्रुटी काढायच्या त्या एकदाच, सगळ्या एकदम काढा. स्वतःच्या उपचारासाठी मागवलेल्या औषधाला मुदतीत उत्तर गेलं नाही, तर परवाना मिळाला असं धरा. आणि बहिणीचा अर्ज नाकारायचाच असेल तर नाकारा, पण कारण लिहा आणि खाली जबाबदार अधिकाऱ्याचं नाव घाला, म्हणजे आम्हाला कोर्टात तरी जाता येईल.

एका रुग्णाचा भाऊ