रिटर्न कुणाकडून भरून घेताय ते आधी बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमचे हे अंबड एमआयडीसीत एका कंपनीत आहेत, वीस वर्षं झाली. टॅक्स पगारातूनच कापला जातो, रिटर्न दरवर्षी कुणीतरी ओळखीचा भरून द्यायचा, आम्ही कधी त्यात डोकं घातलं नाही. जुलै 2023 मध्ये कंपनीतल्याच एकाने नवीन टॅक्सवाला सांगितला, सगळ्यांचे रिफंड काढून देतो म्हणे. ह्यांनी फॉर्म 16 (पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा दाखला), पॅन, आधार सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवलं, ओटीपी आला तो फोनवर सांगितला, झालं काम. महिन्याभरात 41,600 रुपये खात्यात आले, त्यातले दहा टक्के म्हणून चार हजार त्याने रोख घेतले, पावती नाही. घरात सगळे खुश, मुलीच्या क्लासची फी त्यातूनच भरली.

फेब्रुवारी 2025 मध्ये ह्यांच्यासोबतच्या एकाला इन्कम टॅक्सचा मेसेज आला की राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची वजावट घेतलीय ती तपासून बघा. तो घरी येऊन मलाच विचारतो, वहिनी मी कुठल्या पक्षाला कधी पैसे दिले हो? मग आम्ही आमचं बघायला बसलो तर लॉगिनच होईना, कारण पासवर्ड त्या टॅक्सवाल्याकडे, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ईमेल त्याचा, मोबाईल नंबरपण त्याचाच. म्हणजे आम्हाला मेसेज आला असता तरी तो त्यालाच गेला असता. शेवटी आधारच्या ओटीपीवरून पासवर्ड बदलला आणि रिटर्नची पीडीएफ उघडली. 80जीजीसी या राजकीय देणगीच्या कलमाखाली एक लाख देणगी, कुठल्या पक्षाला ते आम्हाला माहीत नाही, आणि वर एक लाखाची घरभाड्याची सूट! आम्ही पाथर्डी फाट्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, हप्ते अजून चालू आहेत. मला त्या रात्री झोप लागली नाही. त्याला फोन केला तर म्हणाला सगळेच टाकतात, काही होत नाही, आणि नंतर फोन उचलायचंच बंद केलं.

मग शरणपूर रोडला एका सीए मॅडमकडे गेलो. त्यांनी सांगितलं की रिटर्न कुणीही भरू दे, खाली डिक्लेरेशन तुमचं असतं, जबाबदारी तुमचीच, आणि चुकीची माहिती दिली असं ठरलं तर त्या टॅक्सवर 200 टक्के दंड लागतो. मार्चच्या आत अपडेटेड रिटर्न, म्हणजे आधीची चूक दुरुस्त करणारं नवं रिटर्न भरलं म्हणून 25 टक्के जादा टॅक्सवर भागलं, एप्रिल उजाडला असता तर 50 टक्के झाले असते. व्याज धरून पंचावन्न हजाराच्या वर गेले. सोसायटीतून कर्ज काढलं.

त्याच वर्षी जुलैमध्ये इन्कम टॅक्सने अशाच खोट्या वजावटींसाठी देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली, तेव्हा कळलं की फसलेले आम्ही एकटे नाही.

मला त्या मॅडमचं एक फार आवडलं. ह्यांनी पहिला प्रश्न विचारला रिफंड किती येईल, त्या म्हणाल्या कागद बघितल्याशिवाय कसं सांगू. फॉर्म 16 सोबत एआयएस (इन्कम टॅक्सकडे असलेली आपल्या व्याज-व्यवहारांची यादी) आणि 26एएस (कापलेल्या टॅक्सची नोंद) स्वतः डाउनलोड करायला लावलं, एफडीचं व्याज आम्ही विसरलो होतो ते त्यात निघालं, घराच्या कर्जाचं सर्टिफिकेट मागितलं. फी आधी सांगितली, पावती दिली. रिफंडवर टक्केवारी नाही, ते सीएंच्या नियमातच बसत नाही म्हणे. सबमिट करायच्या आधी कच्चं रिटर्न दाखवलं, एकेक आकडा कुठून आला ते विचारू दिलं, आणि ई-व्हेरिफाय, म्हणजे रिटर्न आपलंच असल्याची ऑनलाइन खात्री, तुमच्या मोबाईलवरून तुम्हीच करा म्हणाल्या, रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांची मुदत असते. सीए म्हणवणाऱ्याचा मेंबरशिप नंबर घेऊन आयसीएआयच्या, म्हणजे सीएंच्या संस्थेच्या, साइटवर टाकला की कळतं खरा आहे का. सीए नसलेले टॅक्स कन्सल्टंटपण नाशिकमध्ये खूप चांगले आहेत, माझं त्यांच्याविरुद्ध काही नाही, पण वर्षभर एका जागी सापडणारा माणूस हवा, नोटीस आली तर कागद घेऊन जायला. फक्त जुलैत कंपनीच्या गेटवर दिसणारा नको. आणि पोर्टलवर मोबाईल ईमेल आपलाच ठेवा, बाकी काही नाही जमलं तरी एवढं तरी कराच.

सातपूर, अंबडच्या कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे की फॉर्म 16 देताना एक तास कामगारांना एआयएस कसं बघायचं ते दाखवा. आयसीएआयच्या नाशिक शाखेनेपण जूनमध्ये सिडको, सातपूरला एखादा मदत कक्ष लावावा, साध्या पगारदाराचं आयटीआर-1 (रिटर्नचा सोपा फॉर्म) बरंचसं आधीच भरून येतं, शिकवलं तर लोक स्वतः भरतील. फॉर्म 16 साधारण 15 जूनपर्यंत हातात पडतात, त्याच्या आधी हे पत्र छापलंत तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक