गणपूर्ती, पेन्शन आणि 'बाई'

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण आमच्या हॅम क्लबची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाची, वार्षिक सभा होती आणि नोटीस लिहिण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. सभा झाली. कशी झाली ते ऐक.

रजिस्टरवर ६४ सभासद, गणपूर्तीला २२ हवेत. अकराच्या ठोक्याला आम्ही सात. त्यातल्या एकाकडे हॉलची चावी होती, म्हणजे त्याला यावंच लागलं. मग रीतसर गणपूर्तीअभावी सभा तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा सुरू. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तो अर्धा तास तेच सात जण त्याच खुर्च्यांवर बसून होतो. ही अर्ध्या तासाची ओळ आम्ही नोटिशीतच छापून ठेवतो. पूर्वी ती खबरदारी होती, आता कार्यक्रमपत्रिकेतला पहिला विषय झालाय. आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर एकाचा सवाल, 'रिपीटर (आपले सिग्नल पुढे फेकणारं यंत्र) महिनाभर बंद, क्लब करतो काय?' त्याखाली अकरा अंगठे!

त्या रिकाम्या अर्ध्या तासात एक नवा पोरगा, नुकतंच लायसन्स आणि व्हीयू थ्री कॉलसाइन मिळालेला, मला म्हणाला, "काका, तुम्हा माजी सैनिकांचं बरंय. पेन्शनला टॅक्स नाही, दवाखाना फुकट, कॅन्टीनला सगळं अर्ध्या किमतीत." तुझ्या पुतण्याने तुला जेवताना ऐकवल्याचं लिहिलंस, अगदी तेच. वेळ होताच, म्हणून त्याला नीट समजावलं.

साध्या फौजी पेन्शनला इन्कम टॅक्स लागतो रे बाबा. माफी आहे ती परमवीर, महावीर, वीर चक्र अशा शौर्यपदकवाल्यांच्या पेन्शनला आणि जायबंदी होऊन सेवेतून बाहेर पडावं लागलेल्यांच्या डिसॅबिलिटी पेन्शनला. पेन्शनही वर्दी घातली की मिळाली, असं नाही. जवानाला १५ वर्षं भरावी लागतात, अधिकाऱ्याला साधारण २०. शॉर्ट सर्व्हिसचा कॅप्टन दहा वर्षं काढून आला तर ग्रॅच्युइटी घेऊन येतो, महिन्याची पेन्शन नाही. चार वर्षांच्या अग्निवीरालाही नाही. कॅन्टीनचं म्हणशील, तर निम्मी सूट जीएसटीत असते, किमतीत नव्हे; आणि कार्डावर महिन्याची मर्यादा. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ साली सुरू झाली, पण हुद्द्याप्रमाणे एकरकमी वर्गणी भरून. आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीतलं हॉस्पिटल. अटॅकच आला आणि जवळच्या भलत्या हॉस्पिटलात नेलं, तर ४८ तासांत कळवायचं. पोरगा म्हणाला, "एवढं सगळं असतं?" मी म्हटलं, एवढंच नसतं, पण सभा सुरू होतेय.

बापू, बाहेरच्यांचे गैरसमज एक वेळ परवडतात. त्यांनी फार तर टोमणा मारला. आपल्या लोकांचे गैरसमज घरात घुसतात.

आमचा खजिनदार गेल्या पावसाळ्यात गेला. तोफखान्यातला हवालदार, हिशोबाला चोख, क्लबच्या पाच रुपयांचीही पावती ठेवणारा. कधी विषय निघाला की म्हणायचा, "माझ्यामागं पेन्शन आपोआप हिच्या नावावर होते." झाली नाही. डिस्चार्ज बुकात वहिनींचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जन्मसालात एक वर्षाचा फरक. लग्नानंतर नावाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलायचा फौजी आदेश, निघालीच नव्हती, आणि हा घरी आल्यावर तीस वर्षांत ते कुणी तपासलं नाही. मी त्यांच्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तीनदा गेलो. प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), लग्नपत्रिका, सगळं. जोडफोटोत त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या असतील, पदर कपाळापर्यंत. बाकावर बसल्या बसल्या तो फोटो बघत म्हणाल्या, "ही मीच, हे आता कुणी सांगायचं? सांगणारा तर गेला." मला उत्तर सुचलं नाही. प्रतिज्ञापत्रं केली, रेकॉर्ड ऑफिसला कागद गेले. आठ महिन्यांनी पेन्शन सुरू झाली.

सभेत पुढचा विषय बदल अर्जाचा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. आम्ही कळवलंच नव्हतं, कारण नवा खजिनदार निवडायलाच कुणी जमलं नाही. म्हणजे बघ, ते आठ महिने तो कागदावर आमचा खजिनदार होता, आणि त्याची बायको कागदावर त्याची बायको नव्हती.

घरी येऊन मी माझी ट्रंक उघडली. हिचं नाव पीपीओवर 'बाई' लावून, आधारवर 'बाई'शिवाय! आपल्या सिग्नल्स कोअरचं ब्रीद 'तीव्र चौकस', आणि एकवीस वर्षांत मला एक 'बाई' दिसली नाही. ही म्हणाली, "क्लबच्या फायली मात्र कव्हर घालून ठेवता." खोटं कसं म्हणू?

सभासदांवर फार चिडायचंही मी सोडलंय. २००४ च्या त्सुनामीत हॅम ऑपरेटर भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरलाच होत्या, त्यांच्या सेटवरून निरोप गेले, तेव्हा आमच्याकडेही लायसन्ससाठी रांग लागली होती. आलेल्यांना आम्ही काय दिलं? सेटला हात लावू नका, एसडब्ल्यूआर (सेट आणि अँटेनाचा मेळ) बिघडेल, म्हणत दोन-दोन तास नुसतं ऐकवलं. तीन-चार म्हाताऱ्यांनी सगळं अंगावर घ्यायचं आणि पुन्हा कुणी पुढे येत नाही म्हणायचं, हे माझंच धोरण होतं.

यंदा त्या पोरालाच खजिनदार केलं. "मला जमेल का?" म्हणाला. मी पासबुक त्याच्या हातात ठेवलं आणि चहा आणायला गेलो, म्हणजे परत द्यायला कुणी समोर नको. परवा तो रिपीटरची बॅटरी बदलून आला. टर्मिनल उलटं लावलं होतं, फ्यूज गेला. मग स्वतःच दुसरा घातला.

तू एक कर. आज 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर लॉगिन करून वहिनींचं नाव अक्षर अन् अक्षर आधारशी ताडून बघ, जन्मतारीखसुद्धा. घरपट्टीच्या माफीचं विचारलंस, तीही अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. सैनिक कल्याणचा दाखला लागेल. रविवारी सकाळी सात मेगाहर्ट्झवर ये. तुझा सिग्नल मागच्या वेळी फार पडत होता, अँटेनाचं ते पूर्वेकडचं टोक आंब्यात अडकलंय का बघ.

वहिनींना नमस्कार.

सेव्हन्टी थ्री, म्हणजे आपल्या हॅमवाल्यांच्या शुभेच्छा,
तुझा
नाना