बाबांसाठी, बार्लिकहून

प्रिय बाबा, आई, दादा, वहिनी,

सगळ्यांना जय भीम.

दादा, हे मोठ्याने वाचून दाखवत बसू नको, अक्षर मोठं कर आणि मोबाईल सरळ बाबांच्या हातात दे. व्हिडिओ कॉलवर त्यांना माझं काही ऐकू येत नाही, नुसती मान हलवतात आणि "बरं बरं, जेवलीस का" म्हणतात, म्हणून लिहितेय.

मी बरी आहे. ड्युटी, जेवण, थंडी सगळं तेच. खोकला गेला. आई, हीटर लावते मी, बिलाला घाबरून बंद ठेवते असं तुला कोणी सांगितलं देव जाणे (वहिनीच असणार). 14 एप्रिलचे फोटो बघितले, छोटीची निळी साडी एकदम भारी, ड्युटीवरच्या सगळ्यांना दाखवली.

आता त्या फोटोचं. माझे काळे हात बघून तुम्ही एवढे का घाबरलात कळत नाही. मी नोकरी सोडलेली नाही आणि पोटासाठी दुसरी पण धरलेली नाही. ते मिलचं इंजिन आहे, बॅन्क्रॉफ्ट मिलचं, माझ्या खोलीपासून चालत जाता येतं. इंग्लंडमधल्या या गावाचं नाव बार्नोल्ड्सविक पण एवढं लांबलचक कोणी म्हणत नाही, बार्लिक म्हणतात. दादा, तुझ्यासाठी, विमानाचं आरबी 211 इंजिन असतं ना, त्यातला बी म्हणजे हेच गाव, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इथल्या बंद पडलेल्या कापडगिरणीत जेट इंजिनाचं काम आणलं, पुढे ते रोल्स रॉइसकडे गेलं. आणि 1974 पर्यंत गाव यॉर्कशरमध्ये होतं, मग सरकारने लँकशरमध्ये टाकलं, पण म्हाताऱ्यांना आजही लँकशरवाले म्हटलेलं चालत नाही. बेळगाववाल्यांना लगेच समजेल.

तर ही मिल. बांधायला घेतली 1914 ला, मध्ये पहिलं महायुद्ध आलं, सुरू झाली 1920 ला आणि बंद 1978 ला, म्हणजे तुमच्या मुंबईच्या गिरणी संपाच्या थोडी आधीच. विणाईची शेड पाडून टाकली. पण इंजिनघर आणि चिमणी इथल्या लोकांनी ट्रस्ट काढून वाचवली. इंजिन 600 हॉर्सपॉवरचं, शेजारच्या नेल्सनमध्ये विल्यम रॉबर्ट्सच्या कारखान्यात बनलेलं, दोन सिलिंडर आणि त्यांना चक्क नावं आहेत, जेम्स आणि मेरी जेन. ठरलेल्या दिवशी वाफेवर चालवतात, लोक तिकीट काढून बघायला येतात. मी पितळ पुसते आणि चहाच्या खिडकीवर बसते, एवढंच. बॉयलरजवळ मला कोणी उभंसुद्धा करत नाही. आई, तो फुटणार नाही, त्याची रीतसर तपासणी होते, त्याशिवाय पेटवतच नाहीत.

फुकट काम करते म्हणून मामा हसले ते कळलं मला. मामांना सांगा, इथे सगळेच फुकट करतात. आणि नुसतं फुकट नाही, वर्षाची वर्गणी पण भरतात, स्वतःच बनवलेल्या चहाचे पैसे स्वतःच डब्यात टाकतात, डब्याजवळ कोणी नसतं तरी टाकतात. आणि ते रॅफल! हे नीट सांगते नाहीतर तुम्हाला भिशी वाटेल. प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची, जॅमची बाटली, साबण, काहीही. ती टेबलावर मांडायची. मग त्याच लोकांनी पैसे देऊन चिठ्ठ्या घ्यायच्या आणि ज्याचा नंबर लागेल त्याने उठून एक वस्तू न्यायची. म्हणजे मी आणलेली चटणी दुसरा नेतो, त्याचा साबण मी आणते, दोघांनी वर पैसे पण दिलेत, ते जातात इंजिनाच्या कोळशाला. मी विचारलं की सरळ पैसेच गोळा केले तर? तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मीच काहीतरी वंगाळ बोलले. अंघोळीच्या मिठाचा एक डबा आहे, गुलाबी, तो कोणालाच नकोय, ज्याला लागतो तो पुढच्या वेळी परत टेबलावर ठेवतो. सध्या माझ्याकडे आहे.

आता बाबा, तुमच्या कामाचं. तिथे थोडे माग पण ठेवलेत, लँकशर लूम, तुमच्याकडचे साचे याच घराण्यातले. एक म्हातारी बाई येतात, पोरवयापासून मिलमध्ये होत्या. त्या माग सुरू असताना माझ्याशी बोलल्या, आवाज न काढता, ओठ ताणून ताणून. शेडमध्ये कानठळ्या बसायच्या म्हणून सगळे विणकर असंच बोलायचे, मी-मॉ म्हणतात त्याला. त्यांच्या दोन्ही कानात मशीन आहे आणि त्यांना त्याची काही लाज वाटत नाही, हे मुद्दाम लिहितेय.

त्यांनी माझ्या हातात धोटा दिला, मागात आडवं सूत नेणारं शटल. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड, वापरून वापरून गुळगुळीत, आणि कडेला एक बारीक भोक. आतली सुताची कांडी संपली की नवीन भरायची, भोकाला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढून सूत बाहेर काढायचं. त्या म्हणाल्या सगळ्यांनी तेच धोटे चोखले, कोणाला टीबी, कोणाचे पुढचे दात गेले, तरी एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडात. मग मी सांगितलं की मुंबईत याच कारणाने आमच्या लोकांना विणाईत घेत नव्हते, उष्ट्याचा विटाळ, म्हणून आजोबा जन्मभर सूत कातायच्या रिंगखात्यात राहिले जिथे पगार कमी, आणि 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. त्यांना आधी कळेचना. कापूस चालतो, कापड चालतं, थुंकी चालत नाही? असं एकाने विचारलं. मी काय सांगणार. एक गृहस्थ जुने कागद सांभाळतात, त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये यावर बोलशील का म्हणाले. मी हो म्हणून बसलेय.

म्हणून तुम्ही मला सांगायचं आहे. तुम्हाला विणाईत घेतलं तेव्हा कोणी कुरकुर केली का, तुमच्याकडे किती साचे होते (इथे एका माणसाला चार असायचे), बदलीवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, असताना गेटवर किती वाजता उभे राहायचात, कामगार भरणाऱ्या मुकादमाला, जॉबरला, काय द्यायला लागायचं, आणि 18 जानेवारी 1982 ला तुम्ही सकाळी नेमके कुठे होता. घरात असताना हा विषय कधी निघाला नाही, तुम्ही पण काढत नव्हता. आपल्याकडे चिमणीखाली मॉल झालेत आणि मी इथे परक्या लोकांची मिल पुसतेय, हे माझ्याही डोक्यात येतं, दादाने टोमणा मारायची गरज नव्हती. दादा, बाबा सांगतील तसं रेकॉर्ड कर, मध्ये बोलू नको.

बाकीचं पटपट. आजीच्या पुण्यानुमोदनाला मला येता येणार नाही. मे महिन्यात रजा मागितली होती, दोघी आधीच सुट्टीवर आहेत, नाही मिळाली. आई, तू काही बोलली नाहीस फोनवर, बोलली असतीस तर बरं वाटलं असतं. भोजनदानाचा खर्च माझ्याकडे, त्यात दादाने हात घालायचा नाही.

साठ हजार पाठवलेत. चाळीस कानाच्या मशीनचे, वीस पडवीच्या पत्र्याचे. मागच्या वेळचे मशीनचे पैसे सिमेंटमध्ये गेले ते मला माहितीये, यावेळी बिलाचा फोटो पाहिजे. मी इथे उपाशी राहून पाठवत नाही, ओव्हरटाईमचे आहेत, तेव्हा तो विषय नको.

आणि मामांनी आणलेलं खेडचं स्थळ. नाही म्हणत नाहीये. मुलगा बँकेत आहे, शिकलेला आहे, सगळं खरं, पण बायोडाटा वाचल्यावर पहिला प्रश्न व्हिसाचा विचारला असं वहिनी म्हणाली, ते मला आवडलं नाही. माझं वय वाढतंय हे मला कॅलेंडर बघून कळतं, रोज सांगायला नको. घरी बोलावून पोहे खाऊ घालू नका अजून, आधी नंबर पाठवा, मी स्वतः बोलते. मंगळवारी सुट्टी आहे, तुमच्या दुपारी दीडनंतर कधीही चालेल.

छोटीच्या बुटाचा नंबर पण पाठवा.

तुमची,
बेबी