सासूबाईंच्या आजारपणात आतड्याचे काम समजावून देणाऱ्या सरांस जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

सासूबाईंच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर सोलापुरात किरणोपचार सुरू झाले आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना मळमळ व जुलाब होऊ लागले, तेव्हा नातेवाइकांनी पहिला संशय माझ्या स्वयंपाकावर घेतला. रोग आतड्यात पसरला असावा, हा दुसरा संशय कोणी बोलून दाखवत नव्हते. शरीरक्रियाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक या नात्याने आपण आमच्या घरी येऊन दोन्ही संशय फेडलेत.

किरणांचा तडाखा झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना सर्वाधिक बसतो आणि लहान आतड्याचे अस्तर तर दर ३ ते ५ दिवसांनी नवे होत असते, त्यामुळे ते या उपचारात हमखास सापडते, हे आपण सांगितलेत. अस्तर विरळ झाले की दूध पचवणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) कमी पडते, आणि एरवी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाणारी पित्ताम्ले मोठ्या आतड्यात उतरून जुलाब वाढवतात.

मला सर्वांत नवल वाटले ते सिरोटोनिनचे. मेंदूचे म्हणून ऐकलेले हे रसायन सुमारे ९० टक्के आतड्यातच असते; किरणांमुळे अस्तरातील एंटेरोक्रोमाफिन पेशी ते सोडतात, व्हेगस मज्जातंतूची टोके त्याने चेतवली जाऊन उलटीचा संदेश मेंदूकडे जातो, शिवाय आतड्याची हालचाल आणि स्राव यांवरही त्याचा परिणाम होतो. ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचे औषध त्याच संदेशाची वाट अडवते, म्हणून डॉक्टर ती गोळी ‘लाईट’ (म्हणजे किरणोपचार) घेण्याआधी द्यायला का सांगत होते, ते आम्हाला त्या दिवशी उमगले.

आपण स्वतः एकही औषध सुचवले नाहीत, प्रत्येक वेळी डॉक्टरांकडेच पाठवलेत. त्यांच्या सल्ल्याने दूध बंद करून मऊ भात आणि पातळ वरण सुरू केले. सोलापूरच्या बाईला शेंगाचटणी सोडायला लावणे मात्र आपल्याच शब्दामुळे जमले. उपचार अर्ध्यावर सोडण्याचा विषयही त्यानंतर घरात निघाला नाही.

हा त्रास उपचार संपल्यावर काही आठवड्यांत बहुधा ओसरतो, पण सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊन आतड्याची भिंत कडक झाल्यास तो महिन्यांनी किंवा वर्षांनीही उद्भवू शकतो, हे आपण लपवले नाहीत, याबद्दल विशेष आभार. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, जुलाब परत सुरू होणे, ही आपण लिहून दिलेली लक्षणे तपासणीच्या फाईलमध्ये सर्वांत वर लावली आहेत.

आपली नम्र,
आपल्या शेजारची सून