स्टोर्नोवेच्या बस स्टॉपवर भेटलेल्या ताई आणि ते आजोबा, मनापासून थँक्यू

माझ्या स्कॉटिश सासूबाईंचे काका 21 एप्रिल 1923 ला स्कॉटलंडमधल्या लुइस बेटावरच्या स्टोर्नोवे बंदरातून मेटागामा जहाजाने कॅनडाला गेले. त्या दिवशी बेटावरची जवळपास 300 माणसं गेली, बहुतेक पंचविशीच्या आतली. काका परत आलेच नाहीत. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे, त्यांना काकांचं ते घर एकदा बघायचं होतं म्हणून ग्लासगोहून घेऊन गेले तर गावाकडची बस रद्द, वर धो धो पाऊस, आणि त्या रडायलाच लागल्या हो.

तेवढ्यात एक ताई गाडी थांबवून म्हणाल्या बसा. स्वतःची कोरडी शाल सासूबाईंच्या खांद्यावर टाकली, गावातल्या इतिहास मंडळात नेलं, ते बंद होतं तर किल्ली असलेल्या आजोबांना फोन करून बोलावलं. तिकडे मॅक्लाऊड, मॉरिसन ही आडनावं घरोघरी, नुसत्या नावावरून काय सापडणार! आजोबांनी शेताचा नंबर विचारला, वडील कोण, आजोबा कोण ते विचारलं आणि वहीत बोट फिरवत त्या ओळीवर थांबले: काकांचं नाव, पुढे कॅनडा. मग सासूबाईंचा हात धरून चिखलातून पडक्या भिंतीपर्यंत घेऊन गेले, अजिबात घाई नाही.

पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, नावं विचारायचं तर गडबडीत राहूनच गेलं. तिकडे कोणी मराठी राहत असेल तर प्लीज त्यांच्यापर्यंत पोचवा, सासूबाई रोज तुमची आठवण काढतात.